अपडेटनंतर साऊंडबारचा बास गेला? आधी टीव्ही बघा, मग खोली बघा

"दादा, अपडेट मारला अन् बास गेला ना! ये बरं, ऐक."

धाकट्या भावाची ही हाक गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात तीनदा आली. गावातून अन् नात्यागोत्यातून आलेले फोन वेगळे. आमचं गाव आर्णी तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. कुणाचा टीव्ही, डिश, स्पीकर अडला की फोन मला येतो, कारण कधीकाळी मी दोन वर्षं रिपेअरिंगच्या दुकानात बसलो होतो. घरी ५.१ चा साऊंडबार आहे. समोर लांब पट्टी, मागे दोन छोटे स्पीकर, कोपऱ्यात वायर नसलेला वूफर, म्हणजे बास (खालचे, दणदणीत सूर) वाजवणारा डबा. टीव्हीला एचडीएमआयच्या एआरसी लिहिलेल्या खाचेतून जोडलाय, त्यातून टीव्हीचा आवाज साऊंडबारकडे येतो.

अपडेटने आवाज बदलतो का, तर बदलू शकतो. पण आमच्याकडे तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं अन् साऊंडबारचं अपडेट खरोखर दोषी सापडलं ते एकदाच. तिन्ही प्रकरणं सविस्तर लिहितो. तुमचं दुखणं बहुतेक यातल्याच एकात बसेल.

पहिलं प्रकरण तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळचं. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरून आली, जेवणं झाली, अन् भावाने मारधाडीचा सिनेमा लावला. वूफरचा दिवा हिरवा, म्हणजे जोडणी ठीक. गाणं लागलं की ठेका थोडाफार वाजायचा. पण स्फोट झाला की टीव्हीवर आगीचा लोळ अन् खोलीत नुसतं 'फट्'. मागच्या स्पीकरला कान लावून बघितला तर अगदी मुका. आदल्या दिवशी साऊंडबारने अपडेट मागितलं होतं अन् भावाने होकार दिला होता, त्यामुळे आरोपी आधीच ठरलेला.

मी एक गोष्ट केली, ती आजही सगळ्यात आधी करायला सांगतो. टीव्ही बंद करून पेनड्राइव्ह थेट साऊंडबारच्या मागच्या यूएसबीत खोचला अन् रोजच्या ऐकण्यातलं एक गाणं लावलं. वूफर पहिल्यासारखा दणदणीत. म्हणजे साऊंडबारचं पोट साफ होतं, बिघाड त्याच्या अलीकडे. मग परत टीव्हीवर आलो, सिनेमा लावला अन् साऊंडबारच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबलं. पट्टीवर अक्षरं सरकली: पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज. तिथं एरवी 'डॉल्बी डिजिटल' यायचं.

झालं असं होतं की त्याच आठवड्यात टीव्हीनेही रात्री गुपचूप स्वतःचं अपडेट उरकलं होतं. बरेच स्मार्ट टीव्ही स्टँडबायवर असताना हे करतात, लाल दिवा जळत असतो अन् आपण झोपलेलो असतो. त्यात आवाजाच्या मेनूतलं 'डिजिटल साऊंड आउटपुट' आपल्या मूळ जागेवर, म्हणजे पीसीएमवर जाऊन बसलं. एआरसी ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासूनची. तिच्यातून साधं पीसीएम फक्त दोन चॅनलचं (आवाजाच्या दोन वाटांचं, डावी अन् उजवी) जातं. पाच चॅनल अधिक वूफर हवं असेल तर ते डॉल्बी किंवा डीटीएसच्या गठ्ठ्यात बांधूनच पाठवावं लागतं. टीव्हीने गठ्ठा स्वतः सोडला, पाचाचे दोन केले अन् ते दोन पुढे धाडले.

आता बासच का गेला? ५.१ मधला तो '.१' म्हणजे फक्त धडाम-धुडूमसाठी राखलेला वेगळा चॅनल. पाचाचे दोन करताना हा चॅनल साधारणपणे सोडूनच देतात. गाण्यातला ठेका मुख्य चॅनलमध्ये असतो म्हणून तो वाचला, स्फोट मेला. सेटिंग 'ऑटो'वर केलं (काही टीव्हीत 'पासथ्रू' लिहिलेलं असतं), सिनेमा मागे नेला अन् भिंतीवरचं कॅलेंडर हललं. सेट-टॉप बॉक्स वापरत असाल तर त्याच्या मेनूतही स्टिरिओ की डॉल्बी अशी वेगळी कळ असते, तीही बघा. तिच्याकडे कुणी फिरकत नाही.

दुसऱ्या प्रकरणाची मला अजून थोडी लाज वाटते, कारण त्यात माझे चार दिवस गेले.

मार्च महिना. या वेळी अपडेट साऊंडबारचंच होतं, रविवारी रात्री झालेलं. सोमवारी बाबा बातम्या बघत होते. "हे इहिरीत बोलल्यासारखं कायले येऊन रायलं रे?" मी ऐकलं, खरंच तसं येत होतं. निवेदिकेचा शब्द संपला तरी शेपूट मागे रेंगाळायची. बास गेला नव्हता, उलट फुगला होता, 'धप्'च्या जागी 'धूऽऽम'. डोक्यात पहिल्यापासून एकच, की कंपनीने ट्यूनिंग बदललं. सगळी सेटिंग चाळली. रात्रीचा मोड बंद, सिनेमा मोड बंद, इक्वलायझर (वेगवेगळे सूर कमी-जास्त करायची सोय) सरळ. पेनड्राइव्ह थेट साऊंडबारला लावला तरी तोच घुमारा, त्यामुळे संशय पक्का. फॅक्टरी रीसेट मारलं. काही नाही. कंपनीच्या हेल्पलाइनवर तीस मिनिटं संगीत ऐकलं अन् शेवटी उत्तर मिळालं, "सर, एकदा प्लग काढून लावा."

चौथ्या दिवशी मामाचा फोन आला. त्याच खोलीत उभा राहून बोलत होतो. मामा म्हणाले, "अबे, शाळेच्या हॉलात हाय का तू? लय घुमून रायला आवाज."

मी वळून मागची भिंत बघितली. रिकामी. शनिवारी आमचा कापूस गेला होता.

विदर्भातल्या वाचकाला पुढचं सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. भाव वाढेल या आशेवर वेचणीपासून कापूस घरातच गंजी लावून ठेवतात. आमच्या समोरच्या खोलीत, जी सोळा बाय बारा फूट आहे अन् जिथं टीव्हीही आहे, मागच्या भिंतीला लागून आठेक क्विंटल कापूस होता. रुंदी भिंतभर, जाडी चार फूट, उंची माझ्या खांद्याच्या वर. सोफा त्याच्या पुढ्यात. शनिवारी गाडी भरून जिनिंगला गेला, आईने झाडून-पुसून घेतलं अन् मागे उरली गुळगुळीत रंगवलेली भिंत, फरशी अन् स्लॅब. आवाजाला जाऊन बसायला जागा म्हणून उरली नाही.

कापसासारखा तंतूंचा ढीग आवाज गिळतो. हवा तंतूंमधून हलते, घासते अन् आवाजाच्या ऊर्जेची किंचित उष्णता होते. बारीक, म्हणजे उंच सुराचा आवाज गिळायला दोन-चार इंच थर पुरतो. जाड, म्हणजे खालच्या सुराच्या आवाजाला जाड थर लागतो. ढोबळ हिशेब असा की ज्या सुराची लाट जितकी लांब, तिच्या चौथाईइतकी जाडी हवी. ८० हर्ट्झची (सेकंदाला ८० कंपनांची) लाट सव्वाचार मीटर, तिची चौथाई साधारण साडेतीन फूट. आमची गंजी चार फूट! स्टुडिओवाले हजारो रुपये मोजून जे भिंतीत बसवतात ते आमच्याकडे पाच महिने फुकट रचलेलं होतं, अन् त्या पाच महिन्यांत साऊंडबारचा आवाज आमच्या कानाला कापसासकटच सवयीचा झाला होता.

खात्री करायला कापूस परत आणता येत नव्हता. मग घरातल्या सगळ्या गाद्या, रजया, गोधड्या काढून मागच्या भिंतीला छातीइतक्या रचल्या. आई बघत होती, बोलली काही नाही. खोलीच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवली. आधी टाळीमागे 'टर्रर' अशी थरथर यायची, गाद्या रचल्यावर ती गेली. बातम्या सुधारल्या, घुमारा पुरता गेला नाही, पण बाबा म्हणाले, "आता समजून रायलं." टाळीची परीक्षा फुकटातली अन् कामाची आहे. अपडेटला शिव्या घालण्याआधी वाजवून बघा. पाहुणे गेले अन् सतरंज्या गुंडाळल्या, उन्हाळ्यात जाड पडदे काढले, सोफा दुसऱ्या भिंतीला नेला, वूफर झाडताना कोपऱ्यातून फूटभर पुढे आला... या प्रत्येकाने जेवढा फरक पडतो तेवढा बहुतेक अपडेटने पडत नाही.

तिसरं प्रकरण मात्र खरं अपडेटचं. तोवर मी शहाणा झालो होतो अन् आधीची नोंद ठेवली होती. साऊंडबारने नवीन आवृत्ती दाखवली, सोबत एक ओळ, 'आवाजाच्या गुणवत्तेत सुधारणा'. ही ओळ दिसली की थांबावं. 'स्थिरता अन् सुरक्षा' एवढंच लिहिलं असेल तर आवाजाला हात लागण्याची शक्यता कमी असते. मी आधी मोजलं, मग अपडेट घेतलं, मग परत मोजलं. खोली तीच, पडदे तेच, तासाभराचं अंतर. दोन फरक सापडले. वूफरची पातळी मी +३ ठेवली होती, ती शून्यावर आली होती. ती परत चढवली. दुसरा फरक मेनूत कुठेच नव्हता. १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज साधारण तीन डेसिबलने खाली आला होता. माणसांचे आवाज सुटे ऐकू यायला लागले, पण जुन्या गाण्यातल्या ढोलकीचं अंग बारीक झालं. बाबांना नवीन आवडलं, भावाला जुनं. जुन्या आवृत्तीवर परत जायचा रस्ता कंपनीने ठेवलेला नाही, बरेच जण ठेवत नाहीत. इक्वलायझरमध्ये बास दोन घर चढवला अन् विषय मिटवला.

यात नवल काही नाही. साऊंडबारचा आवाज निम्मा सॉफ्टवेअरमध्येच बनतो. तीन इंची स्पीकरकडून मोठा आवाज काढायचा, कुठल्या सुरापासून खाली वूफरकडे सोपवायचं, फाटायच्या आधी कुठे दाबायचं, बाजूने आवाज येतोय असा भास कसा करायचा, हे सगळं आतली चिप आकड्यांनी ठरवते. ते आकडे अपडेटमध्ये बदलता येतात. २०१५ मध्ये सोनोस या स्पीकर कंपनीने आधीच विकलेल्या स्पीकरना अपडेटमधून ट्रूप्ले नावाची सोय दिली. आयफोन हातात घेऊन खोलीभर हलवायचा, त्याचा माइक खोली ऐकतो अन् स्पीकर स्वतःचा आवाज तिच्याप्रमाणे बदलून घेतो. म्हणजे विकलेल्या डब्याचा आवाज सॉफ्टवेअरने बदलतो हे कंपन्याच जाहीर सांगतात. खोली मोजून आवाज बसवणारे मोठे रिसीव्हर (अनेक स्पीकर चालवणारे ॲम्प्लिफायर) ज्यांच्याकडे असतील त्यांनी मोठ्या अपडेटनंतर ती मोजणी शाबूत आहे का बघावं, नसली तर माइक लावून परत करावी.

उलट जिथं आकड्यांना हातच लागत नाही तिथं आवाज बदलायचं कारण नाही. नुसता डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) असेल, त्यातून फाइल जशीच्या तशी जात असेल अन् अपडेट वायफायचं किंवा डिस्प्लेचं असेल, तर तेच आकडे आत जातात, तोच आवाज बाहेर येतो. डॅकचा डिजिटल फिल्टर बदलला तरी खेळ मुख्यतः श्रवणाच्या अगदी वरच्या टोकाला असतो, जिथं चाळिशीनंतर आपले कान तसेही सुट्टीवर असतात. यावर शपथा घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त न सांगता दोन्ही आवृत्त्या ऐकवून ओळखायला लावतो.

कानाची गोष्ट निघालीच आहे तर सगळ्यात जास्त फसवणारी बाब सांगतो: आवाजाची पातळी. काही अपडेट व्हॉल्यूमच्या घरांचा हिशेब बदलतात. काल २० वर जेवढं वाजायचं तेवढं आज २४ वर वाजतं. आपण सवयीने २० वर ठेवतो अन् म्हणतो बास गेला. आवाज कमी केला की आपल्या कानाला जाड सूर इतर सुरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतात. फ्लेचर अन् मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवले आहेत. उलटंही खरं आहे. दोन आवाजांत एखाद्या डेसिबलचाच फरक असला तरी मोठा तो 'भरीव' वाटतो. म्हणून आधी आवाज जरा वाढवा अन् बास परत येतो का बघा. आला, तर गेलाच नव्हता.

याच जातीचं दुखणं शेजारच्या काकाजींचं. त्यांच्याकडे मिस्त्रीकडून बनवून घेतलेला जुना ॲम्प्लिफायर आहे, आत जाडजूड ट्रान्सफॉर्मर, पुढे ब्लूटूथची पाटी नंतर ठोकलेली. "अपडेट मारल्यापासून मशीन मरगळलं, बावा." मशीनला अपडेट म्हणजे काय हेच माहीत नाही. अपडेट झाला होता फोनचा. फोनचा व्हॉल्यूम अन् स्पीकरचा व्हॉल्यूम एकत्र बांधायचे की वेगळे ठेवायचे, ही ब्लूटूथची सोय बदलली होती. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत 'ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करा' अशी कळ आहे. ती फिरवली, फोन अन् मशीन दोन्ही बंद-चालू केले, काम झालं.

त्यांच्या मशीनला संध्याकाळी आणखी एक त्रास होतो अन् तोही अपडेटच्या नावावर खपतो. लाईनचा दाब. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर अशा ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्प्लिफायरची जास्तीत जास्त ताकद चाळीसेक टक्क्यांनी घटते. हळू वाजवलं तर काही कळत नाही, पण मोठ्याने लावलं की ठेक्यावर आवाज फाटतो. साऊंडबारचा पुरवठा बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेणारा असतो (मागच्या स्टिकरवर वाचा), त्याला एवढ्याने फरक पडत नाही. काकाजींना स्टॅबिलायझर सुचवलाय, ते अजून विचार करून रायले आहेत.

मोजायचं कसं, हे बऱ्याच जणांनी विचारलं. पिंक नॉइजची एक फाइल पेनड्राइव्हमध्ये टाकून ठेवा. नळ सुटल्यासारखा एकसारखा 'श्श्श' असतो. यूट्यूबवरून लावू नका, नेटच्या वेगाप्रमाणे तिथली गुणवत्ता वरखाली होते. फोन नेहमी एकाच जागी ठेवायचा. मी सोफ्याच्या मधोमध स्टूल ठेवून त्यावर पितळी डब्याला टेकवून ठेवतो, स्टुलाच्या पायांच्या खुणा खडूने फरशीवर केल्या आहेत. सुरांचे पट्टे दाखवणारं कुठलंही ॲनालायझर ॲप चालेल, पण त्यात माइकची आपोआप पातळी सांभाळणारी सोय बंद असायला हवी. फोनचा आकडा खरा नसतो. पण तोच फोन, तीच जागा, तोच व्हॉल्यूम असेल तर आधी अन् नंतरचा फरक भरवशाचा निघतो. पंखा बंद करा. स्क्रीनशॉट ठेवा, अन् प्रत्येक सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा. हे फोटो मोजणीपेक्षाही जास्त कामाला येतात.

अन् कृपा करून मला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवून "ऐका, बिघडला ना?" विचारू नका. ती एकाच चॅनलची असते, दाबून बारीक केलेली असते, त्यात तुमचा वूफर तर सोडाच, तुमची खोलीही पोचत नाही.

अपडेट घ्यावं की नाही? साऊंडबार वायफायवर असेल तर घ्यावं, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. फक्त आपोआपची कळ बंद ठेवा अन् पंधरा दिवस थांबून घ्या, तोवर लोकांची बोंबाबोंब ऐकू येते. लाईनचा भरवसा नसेल तेव्हा मुळीच नको. साऊंडबार, राउटर किंवा हॉटस्पॉटचा फोन, सगळं इन्व्हर्टरवर असताना सकाळी घ्या. आमच्या एका नातेवाइकाचा साऊंडबार अपडेट चालू असताना लाईन जाऊन जो गप्प झाला तो दिवा लुकलुकत बसला. कंपनीच्या माणसाने पेनड्राइव्हमधून परत सॉफ्टवेअर चढवलं तेव्हा उठला, तोवर तीन आठवडे गेले. वादळी दिवसांत अपडेटची पट्टी अर्ध्यावर दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

सध्या डिसेंबर चालू आहे. मागच्या भिंतीला पाच-सहा क्विंटल कापूस आहे, अजून एक वेचा बाकी. वूफर +३ वर ठेवलाय, स्टुलाच्या खुणा कापसाखाली गेल्यामुळे नव्या केल्यात. माल गेला की वूफर शून्यावर आणायचा, असं टीव्हीमागे चिकटपट्टीवर लिहून लावलंय. साऊंडबारने परवा नवीन आवृत्ती दाखवली. भावाला सांगून ठेवलंय, कापूस विकेपर्यंत हात लावू नको.